यादीतलं पहिलं नाव

तिने ‘जतन करा’ दाबलं, चाचणीचं पान नव्याने उघडलं, आणि यादीत सगळ्यांत वर भावाचं नाव आलं. ओठ घट्ट मिटून ती पुन्हा कोडाकडे वळली.

लिफ्टदुरुस्तीच्या त्या कंपनीत कॉम्प्युटरवरची कामवाटपाची पानं तीच सांभाळायची. कुठे बटण मोठं कर, कुठे रखडलेली तक्रार लाल दिसेल असं कर. ही बारीक कामं ती बघून बघून शिकली होती. ऑफिसात तिला ‘शिंपीणबाई’ म्हणत. “जरा इथे एक टाका घाला हो,” म्हणत कुणी ना कुणी येऊन उभं राहायचं.

भाऊ तिथेच मेकॅनिक होता. गेल्या वर्षी आजारपणात गेला. त्याचं नाव यादीतून काढता येईना. काढलं तर त्याने केलेल्या सगळ्या दुरुस्त्यांच्या नोंदी बिनधन्याच्या झाल्या असत्या. त्यात वहिनीला कंपनीने नोकरी दिली ती नेमकी तक्रारींच्या टेबलावर. फोन आला की यादी उघडायची, मेकॅनिक निवडायचा. वहिनी रुजू व्हायच्या आदल्या दिवशी हिने पानात एक छोटी स्क्रिप्ट, कोडाच्या चार ओळी, घातली. नाव यादीत राहील, पण दिसणार नाही.

आता सोमवारपासून अशा हाताने घातलेल्या स्क्रिप्ट बंद होणार होत्या. मुख्य कचेरीने तपासलेली ॲड-ऑन, म्हणजे पानाला जोडायच्या पुरवण्या, तेवढी चालणार. तिचं ॲड-ऑन दोनदा परत आलं होतं. तिथल्या साहेबांना सगळे मागून ‘कुलूपसाहेब’ म्हणत, ते काही उगाच नव्हे. तिने सरळ फोन लावला.

“बाई, एक नाव लपवायला ॲड-ऑन? नाव दिसलं तर दिसू दे की!”

“मी सोडणार नाही, साहेब. पुन्हा परत पाठवलंत तर पुन्हा करीन.”

“मग कारण लिहा. ‘सोयीसाठी’ हे काही कारण नाही.”

“लिहिणार नाही. सांगते.” तिने आवाज उतरवला. “तो गेलाय. तक्रारींच्या टेबलावर त्याची बायको बसते.”



“आणि तुम्ही कोण त्याच्या?”

“मी बहीण. पण माझा प्रश्न नाही.”

“पाठवा परत. बघतो.”

जेवणाच्या सुट्टीतही ती जागची हलली नाही. दुपारी मंजुरी आली. खाली साहेबांनी लिहिलं होतं, ‘हे मोबाइलवरही चालेल. तुमची जुनी स्क्रिप्ट तिथे चालतच नव्हती. सर्वांना लागू करणं आता तुमच्या हातात.’ मोबाइलचं तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बरं झालं, तीही फट बुजली, असं मनाशी म्हणत तिने माउस हातात घेतला.

तेवढ्यात वहिनीच्या टेबलावरचा फोन वाजला.

“काय म्हणता? लिफ्टचं दार मिटतं आणि लगेच उघडतं? धरा हं.” समोरचा कॉम्प्युटर सोडून वहिनीने पर्समधून मोबाइल काढला, बोटाने काहीतरी निवडलं आणि वाचू लागली. “‘उंबऱ्याच्या खाचेत खडे अडकतात. आधी ब्रश मारावा. मगच स्क्रू ड्रायव्हरला हात लावावा.’ मारलात ब्रश? आता बघा... मिटलं ना?”

फोन खाली ठेवल्यावर हिने जवळ जाऊन विचारलं, “वहिनी, मोबाइल कशाला? समोर एवढा मोठा पडदा आहे की.”

“तिथे हे दिसत नाहीत ना, वन्सं.” वहिनी सहज म्हणाली. “ह्यांचं नाव निवडल्याशिवाय ह्यांनी लिहिलेलं उघडत नाही. कामावर गेलेली मेकॅनिक पोरं सारखी अडतात. मग मी इकडून बघून सांगते.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“तुम्हीच केलंय ना ते? ह्या ऑफिसात दुसरं कोण करणार!” वहिनीने मोबाइलची काच ओढणीला पुसली. “म्हटलं, तुम्हाला बघवत नसेल. राहू दे.”

ती आपल्या जागेवर येऊन बसली. मंजुरीखाली दोन बटणं होती. तिने दुसरं दाबलं, ‘मागे घ्या’. मग सोमवारची वाट न बघता जुनी स्क्रिप्टही शेवटच्या ओळीपर्यंत पुसून टाकली. लगेच साहेबांचा फोन आला.

“अहो, आठवडाभर माझं डोकं खाल्लंत, आणि आता मागे घेता?”

“हो. तसदी दिली, साहेब.”

खुर्ची ओढत ती वहिनीच्या टेबलाशी गेली. यादी उघडली, आणि नजर न चुकवता सगळ्यांत वरचं भावाचं नाव निवडलं. नोंदी एकाखाली एक पडद्यावर उतरल्या. तीच त्याची तुटक, घाईची भाषा. दुसऱ्या ओळीपाशीच अक्षरं धूसर झाली.

“वन्सं, असू दे आता. उद्या बघू.”

“नाही. आजच.” तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तू वाच. मोठ्याने.”