दंडारीच्या पुढ्यातला पिढा

मित्रांनो, मी एक जुना पिढा आहे. जुना म्हटलं की तुम्ही लगेच 'अरेरे' म्हणायला तोंड उघडता, ते आधी मिटा. माझा एक पाय बदललेला आहे, बसायची फळी मधोमध खोलगट झाली आहे आणि मला मासळीचा वास येतो, हे मी स्वतःच सांगून टाकतो. पण चाळीस वर्षं मंडईतली दंडार मी सगळ्यात पुढं राहून पाहिली आहे. तुमच्यापैकी किती जणांना असं छातीठोकपणे सांगता येईल?

माझा जन्म डोंग्यातून झाला. आमचं घर ढिवरांचं. केवळराम आणि बायाबाई, दोघंही तलावात जाळं टाकणारे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी केवळरामचा डोंगा पाण्यातल्या खुंटावर आदळून फुटला. बाकीचं लाकूड चुलीत गेलं, पण एक चांगली जाड फळी बायाबाईने बाजूला काढली आणि डोक्यावर घेऊन थेट सुताराकडे गेली.

"मले पिढा करून दे, भाऊ," ती म्हणाली.

"चुलीपुढं बसाले का?"

"नाई. दंडारीपुढं बसाले."

सुतार खो खो हसला. पण त्याने मला वीतभर उंच, चार पायांवर ठाम उभा राहील असा केला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे, पण त्याच्या रंध्याचा हात फार चांगला होता.

आता दंडार म्हणजे काय, ते ऐका. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि दुपारी पटांगणात दंडार उभी राहते. वीस गडी पायांत घुंगरं बांधून दोन ओळींत उभे राहतात. ढोलकी आणि डफ सुरू झाला की एक ओळ दुसऱ्या ओळीतून नाचत आरपार निघते आणि पुन्हा वळून तशीच परत येते. कोणाचा कोणाला धक्का लागत नाही. धूळ उडते, घाम उडतो, आणि बायाबाई माझ्यावर बसून श्वास रोखून पाहत असते.

तिच्यासारखा दंडारीचा नाद दुसऱ्या कोणाला असेल, तर त्याने माझ्यासमोर यावं. करडीची मंडई, दिघोरीची मंडई, जिथं दंडार असेल तिथं ती मला काखेत मारून निघायची. केवळराम चिडवायचा, "आवं, नाचनारा बी थकते, तू नाई थकत!" तोवर ती वेशीपर्यंत पोचलेली असायची. दंडारीला निघाली की ती घाईत असायची.

नाच कसा पाहावा याबद्दल तिची मतं पक्की होती, आणि ती मतं माझीही झाली आहेत. गण सुरू व्हायच्या आधी येऊन बसायचं. गणानंतर जो आला, तो दंडार पाहायला आलाच नाही. नाच सुरू असताना शेंगा फोडायच्या नाहीत. मोबाईल वर धरून मागच्याचा डोळा झाकायचा नाही. ज्याला बस पकडायची आहे त्याने स्टँडवरच बसून राहावं, अर्ध्यातून उठून सगळ्यांच्या अंगावरून जाऊ नये. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाय पाहायचे.

"तोंड कोनी बी रंगवते," ती सून रंजूला सांगायची. "पायाले रंग नाई लागत. म्हनून मी पायच पाह्यतो."

तिचा आणखी एक नियम होता. गण सुरू झाल्यापासून शेवटची ढोलकी पडेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. चाळीस वर्षांत तिने तो मोडला नव्हता. एकदा तिच्या पायावरून विंचू गेला, तरी ती हूं की चूं बोलली नाही. मी खाली होतो, विंचू मी पाहिला, म्हणून सांगतो.

नाचणारे तिला घाबरायचे. दंडारीचा म्होरक्या धनीराम पहिल्या फेरीत पुढं यायचा, तेव्हा आधी बायाबाईच्या तोंडाकडे बघायचा. तिच्या भुवया जागेवर असल्या की त्याला हुरूप यायचा. एकदा दंडार संपल्यावर तिने त्याला म्हटलं होतं, "तुह्या डावा पाय मागं पडून राहिला, धनीराम." पुढच्या मंडईपर्यंत त्याने तो पाय सुधारला. मला हे पाहून एवढा अभिमान वाटला, जणू मीच शिकवलं.

मग माझे वाईट दिवस आले. कोरोनाची दोन वर्षं मंडई भरली नाही. बायाबाईचे गुडघे धरले. रंजू मनाने चांगली आहे, तिने सासूसाठी प्लास्टिकची लाल खुर्ची आणली. "माय, आता खाली बसत जाऊ नका," असं म्हणून तिने मला परसात टाकलं. माझ्यावर मासळीचे खवले काढले गेले. कोंबडीने माझ्यावर बसून दोनदा अंडी दिली. मी रडलो असं लिहायची पद्धत आहे, पण मी रडलो नाही. मला संताप आला होता. अरे, ज्याने दंडार पाहिली त्याच्यावर कोंबडी बसवता?

मंडई पुन्हा सुरू झाली, तशी बायाबाई परसात आली. तिने मला राखेने घासलं, दोन बादल्या पाणी ओतलं. रंजू म्हणाली, "माय, खुर्ची हाये ना." बायाबाई म्हणाली, "खुर्चीवर बसलं का मागच्याले दिसत नाई. अन् मले पाय दिसत नाई." विषय संपला.

आता यंदाची गोष्ट सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच मी बोलायला बसलो आहे.

आमच्या गावात जागा धरायची एक रीत आहे. मंडईच्या सकाळी बायका पटांगणात आपापले बोरे, म्हणजे खताची रिकामी पोती, अंथरून जातात, वर एक वीट ठेवतात. बोरा पडला म्हणजे माणूस बसलं. मग ती घरी जाऊन स्वयंपाक करो की अंघोळ, दुसरं कोणी त्या बोऱ्यावर पायसुद्धा देत नाही. बायाबाईने सकाळी तलावावरून येताना मला सगळ्यात पुढं, नेमकं मधोमध ठेवलं. शेजारी गिरजाबाईचा निळ्या पट्टीचा बोरा होता. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं.

यंदा मंडई समितीचे अध्यक्ष कृष्णराव होते, तांदळाचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण पाहुणे दिसले की त्यांची कंबर आपोआप वाकते. साकोलीहून मोठे साहेब येणार म्हणून त्यांनी ड्रमांवर फळ्या टाकून मंच बांधला. मंचासमोर पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्यांच्या चार रांगा लावायच्या होत्या. तिथं बोरे होते. मग समितीच्या लोकांनी काय केलं? सगळे बोरे गोळा केले आणि शाळेच्या भिंतीशी ढीग घातला!

मित्रांनो, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. मी ओरडलो असतो, पण लाकडाला आवाज कुठला? मला मात्र ढिगात टाकलं नाही. साहेबांचं शरीर भारी आणि मंच उंच. कोणीतरी म्हणालं, "हे बरं सापडलं." त्यांनी चार विटांवर मला ठेवलं आणि माझी पायरी केली.

साहेब आले. हार, तुतारी, टाळ्या. त्यांनी बुटासकट माझ्यावर पाय दिला आणि ते वर मांडलेल्या खुर्चीत जाऊन बसले. चाळीस वर्षं ज्या फळीवर बसून दंडार पाहिली गेली, तिच्यावर चिखलाचा बूट! माझं लाकूड त्या दिवशी फुटलं नाही, ते केवळ रागाने घट्ट धरून ठेवलं म्हणून.

तेवढ्यात बायका आल्या. ढिगापाशी एकच गोंधळ उडाला. सगळे बोरे खताचे, सगळे सारखे. "आवं, हा माह्या होय वं!" "तुह्या बोऱ्यावर निळी पट्टी कुठं हाये?" "माई वीट कोनं नेली?" बायाबाईने ढीग दोनदा उपसला. मी नव्हतो. तिचा चेहरा उतरलेला मी लांबून पाहिला, आणि मग तिची नजर मंचाकडे वळली. ती लंगडत आली, खाली वाकली आणि मला विटांवरून ओढून काढलं. विटा ढासळल्या. पदराने तिने बुटाचा ठसा पुसला आणि खुर्च्यांच्या पहिल्या रांगेच्याही पुढं मला ठेवून ती बसली.

कृष्णराव धावत आले. "बायाबाई, इथं नोका बसू ना. मांगं खुर्ची देतो, आरामात पाहा."

"आराम कराचा असता तं घरीच राह्यलो असतो. म्या सकाळी जागा धरली, कृष्णराव."

"दंडार पाह्याले आता हाये कोन? लोकाइले ऑर्केस्ट्रा पाह्यजे."

"लोकाइले इचारलं तुमी? का बोरे उचलतानाच ठरवलं?"

मागून बायका हसल्या. कृष्णरावांनी घाम पुसला आणि "बसा मंग, पन गडबड करू नोका," असं म्हणून ते निघून गेले. गडबड! बायाबाईला सांगतात गडबड करू नको!

मग गडी मंचावर चढले. तिने मोजले, आठच. बाकीचे बारा घुंगरं बांधून मंचाच्या बाजूला उभे होते. धनीराम कडेला आला, तेव्हा तिने हळूच विचारलं, "बाकीचे खालीच काऊन गा?"

"मंचावर मावत नाई, बाई. आठच घ्या म्हनले."

"मंग ओळी एकमेकीतून निंगतील कशा?"

धनीरामने मान खाली घातली.

गण सुरू झाला. बायाबाई गप्प झाली. ढोलकी वाजली, घुंगरं वाजली, पण आम्हाला दिसलं काय? मंचाच्या कडेला कुंड्या, दोन्हीकडे साउंडचे बॉक्स, आणि त्यांच्या वर आठ डोकी हलताना. पाय नाहीत. एकही पाय नाही. ती डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. तिने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. गुडघे दुखत असताना, खवल्यांतून, कोंबड्यांतून मला बाहेर काढून ती इथवर आली होती. ती पायांसाठी आली होती. यंदा हे चाललं, तर पुढच्या वर्षी दंडार अशीच होणार, आठ डोक्यांची, आणि त्यानंतर तीही नाही. हे तिला कळत होतं आणि मलाही.

आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, भर नाचात, बायाबाई बोलली. बोलली कसली, ओरडली!

"धनीराम! पाय दिसून नाई राहिले!"

ढोलकी थांबली. बायाबाईने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. तिला लाज वाटत होती, मला तिची लाज बसल्या जागी जाणवत होती. कृष्णराव खुर्चीवरून उठले. पण त्यांच्या आधी धनीराम हलला. तो मंचाच्या कडेवर आला, त्याने बायाबाईकडे पाहिलं, आणि घुंगरांसकट खाली उडी मारली.

"उतरा रे," तो म्हणाला. "दंडार खाली होते."

आठ उतरले, बाजूचे बारा येऊन मिळाले. गिरजाबाईने कृष्णरावांना सांगितलं, "सरका जी थोडं," आणि पहिल्या रांगेच्या खुर्च्या बायकांनीच उचलून मागे नेल्या. बोरे पुन्हा अंथरले गेले. कोणाचा कोणता, हे कोणी विचारलं नाही. वीस गडी, दोन ओळी. ओळ ओळीतून निघाली, आणि माझ्या नाकासमोर चाळीस पाय धूळ उडवत गेले. धनीरामचा डावा पाय अगदी वेळेवर होता. बायाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसताना एक पाऊल निसटलं असतं.

साहेब एकटेच वर राहिले होते. पायरी नाही म्हणून त्यांना उतरता येईना. ते मंचाच्या कडेला कुंडी सरकवून पाय सोडून बसले आणि पाहू लागले. पाहता पाहता मान हलवू लागले. पण थोड्या वेळाने त्यांना खाली यावंसं वाटलं असावं, कारण कृष्णराव वाकत वाकत आमच्याकडे आले. "बायाबाई, पिढा द्या ना. साहेबाइले उतराचं हाये."

तिने मान हलवून नाही म्हटलं. नजर पायांवरून हलली नाही, शब्द तोंडातून निघाला नाही. साहेब सगळी दंडार होईपर्यंत वरच बसले.

शेवटची ढोलकी पडली. टाळ्या वाजल्या. तेव्हा बायाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, मला उचललं आणि स्वतः नेऊन, ढासळलेल्या विटा पुन्हा रचून त्यांच्यावर ठेवलं.

"उतरा साहेब," ती म्हणाली. "पन जोडे काढून. हे बसाची जागा होय."

मित्रांनो, पटांगणभर माणसं पाहत होती. साहेबांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि अनवाणी पायाने माझ्यावर उतरले. पाय जड होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

आता तुम्हाला माझं सांगणं. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेल लावून कोपऱ्यात मांडू नका, आणि परसातही फेकू नका. आम्हाला वापरा, आम्हाला घेऊन नाच पाहायला जा. वेळेवर जा, शेवटपर्यंत बसा आणि गप्प बसा. पण ज्या दिवशी पाय दिसणार नाहीत, त्या दिवशी मात्र उभे राहून ओरडा.