नववी ‘ब’चा तास

“मॅडम, आजचा पीटीचा तास मला द्या. सिलॅबस राहिलाय,” म्हणत विज्ञानाचे सोनवणे सर फळा पुसायलाही लागले होते.

“नाही देणार,” तेजस्विनी म्हणाली.

सरांना ती थट्टा वाटली. पण पंचवटीतल्या त्या शाळेत कंत्राटावर खेळ शिकवणारी तेजस्विनी कालपासून धुमसत होती. नववी ‘ब’च्या मुली दिवाळीपासून मैदानावर आल्याच नव्हत्या, त्यांचा तास कुणी ना कुणी मागून नेई. काल आरोग्य तपासणीत डॉक्टरांसमोर त्या एवढासा जिना चढून धापा टाकू लागल्या, तेव्हा मुख्याध्यापिकांनी सगळ्यांदेखत तिलाच विचारलं होतं, “पगार कशाचा घेता हो?”

तिने वर्ग बाहेर काढला. मुली सरळ जाऊन लिंबाच्या सावलीत बसल्या.

“उठा! म्हाताऱ्या झालात का?” ती कडाडली.

कुणी हललं नाही. मग पूजा हळूच म्हणाली, “मॅडम, भिंतीवरची ती पोरं शूटिंग करतात आमचं.”

“आई म्हणते, उन्हात काळी पडशील,” आरोही पुटपुटली.

“अन् पाळी आली का जायचं कुठं?” मखमलाबादच्या मळ्यातून येणारी हर्षाली म्हणाली. “संडासला कायम कुलूप. म्हून आम्ही पानी बी पीत नाय.”

तेजस्विनीचा राग मुलींवरून उतरला, पण विझला नाही. ती तडक भिंतीकडे गेली.

“उतरा खाली! नाहीतर तुमचेच फोटो घेऊन चौकीत जाते.”

पोरांनी पलीकडे उड्या टाकल्या. मग ती देवराम शिपायासमोर उभी राहिली. “दादा, किल्ली.”

“पाहुणे आले तरच उघडायचं, असं सांगितलंय वरून.”

“किल्ली द्या, नाहीतर कुलूप फोडते.”

देवरामने गुपचूप किल्ली काढून दिली. तिने संडासाचं कुलूप उघडून टाकलं.

मैदानात मधोमध चेअरमनसाहेबांची गाडी उभी होती. ती हलवणं काही तिच्या हातात नव्हतं. “वळसा घालून पळा!” ती ओरडली.

मुली पळाल्या. आरोही अर्ध्यातच कंबर धरून थांबली, पूजाला हसून हसून श्वास पुरेना. तेवढ्यात देवराम परत आला.

“मॅडम, हेडबाईंनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. लय तापल्यात.”

जूनमध्ये तिची पुढच्या वर्षाच्या कंत्राटाची ऑर्डर निघणं न निघणं याच बाईंच्या सहीवर होतं.

“सांगा, तास संपला की येते.”

बाकीच्या मुली पाण्याकडे गेल्या. एकटी हर्षाली मागे उरली होती. ओढणी कमरेला खोचून, पाय ओढत ती चालत होती.

“मॅडम, ऱ्हाऊ देऊ का?”

“पूर्ण कर. मी आहे इथे.”

बेल झाली. सोनवणे सर वर्गाच्या दारात येऊन घड्याळ पाहू लागले. तेजस्विनी हर्षालीकडे तोंड करून उन्हात उभी राहिली.