आधी होडीला पाणी पाजा

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. जेमतेम तिघे बसतील एवढी लहान, पण तोरा मात्र गलबताचा! माझ्या मालकांनी आपल्या दोन्ही लेकरांना माझ्यातच बसवून वारा ओळखायला शिकवले. मालक गेले आणि मी शेडमध्ये उपडी पडले. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. माझी पार रया गेली.

एके दिवशी मालकांचा धाकटा मुलगा करवत घेऊन आला. त्याला वेल्डिंगच्या कामासाठी शेड हवी होती. शिवणकाम करणारी त्याची ताई आडवी आली.

"आधी पाण्यात घालून बघू. तरली तर माझी."

"आणि गळली तर?"

"तर चालव करवत."

मग ताईने कंबर कसली. तिने जुना रंग खरवडला, गंजलेले खिळे उपटले, कुजलेली फळी बदलून घेतली, मशीनवर नवे शीड शिवले. धाकटाही कुरकुरत का होईना, पॉलिश पेपर घासू लागला. रंग लावून त्यांनी मला खडखडीत उन्हात ठेवले. कितीतरी दिवस! माया होती ती, पण माझ्या फळ्या आक्रसल्या, सांधे उघडले. ओरडून सांगावेसे वाटले, पण होडीला कुठे तोंड असते?

तळ्यात उतरवताच मी चाळणीसारखी गळू लागले. काठावरचे लोक हसले.

"ताई, ठरलं होतं आपलं," धाकटा म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

ताईने मात्र काठावरचे दगड उचलून माझ्यात टाकायला सुरुवात केली.

"अगं, बुडवतेस काय तिला?"

"हो, बुडवते! बाबा दरवर्षी काय करायचे? आधी होडीला पाणी पाजायचे, मग माणसं बसवायचे. मीच मेली विसरले. उचल दगड!"

मी बुडाले आणि पोटभर पाणी प्यायले. हळूहळू फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. काही दिवसांनी दोघांनी दगड काढले, पाणी उपसले. धाकटा माझ्या तळावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. एक थेंब आत आला नाही.

"ताई, सुकाणू तू धर," तो म्हणाला. "शीड मी बघतो."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी म्हातारी वस्तू असेल. तिला पुसा, रंगवा, पण नुसती सजवून ठेवू नका. तिला तिचे काम द्या. ती करवत अजून शेडमध्येच आहे. परवा धाकट्याने त्याच करवतीने माझ्यासाठी नवे वल्हे कापले.