दुसऱ्यांदा विचारणं

बाबागाडी पायानं हळूहळू पुढे-मागे करत कौमुदीनं समोर आलेल्या ताटलीकडे पाहिलं. आलुबुखाराचा केक, अजून कोमट. हात वर येता येता थांबला.

"नको, थँक्यू," ती जर्मनमध्ये म्हणाली.

ताटली धरलेल्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लिंडनरनी मान डोलावली आणि ताटली पुढच्या खुर्चीकडे गेली.

न्युरेम्बर्गमधल्या चर्चमागची खोली, गोलात मांडलेल्या नऊ खुर्च्या, मंगळवारी दुपारी बायबलचा वर्ग. कौमुदीचा हा सहावा मंगळवार, आणि न खाल्लेला सहावा केक. नवरा, रुपेश, चिडवायचा, "अगं बाई, इथे एकदाच विचारतात. पहिल्या फटक्यात हो म्हणून टाकायचं." तिला कळत होतं. पण पहिल्या विचारण्याला हात पुढे करणं म्हणजे हावरेपणा, हे नगरला आईनं लहानपणीच अंगात मुरवलेलं.

रुपेश सकाळी सातला कंपनीत जायचा आणि अंधारात परतायचा. मधला दिवस तिचा आणि इराचा. इरा वर्षाची, दिवसभर बडबडायची, पण त्यात शब्द नव्हते. मोठ्या माणसांचं बोलणं कानावर पडावं म्हणूनच कौमुदी या वर्गाला येऊ लागली होती. ऑगस्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनरनी जिन्यात थांबवून कौमुदीला कॉफीला बोलावलं होतं. या गावातलं तिला आलेलं पहिलं बोलावणं. "नको, तुम्हाला कशाला त्रास," असं म्हणून ती पायरीवर रेंगाळली, पुन्हा विचारतील म्हणून. "बरं," म्हणत फ्राऊ लिंडनरनी दार लावून घेतलं. तेव्हापासून नुसता नमस्कार. जिन्यातही, इथेही.

आज लूकच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय होता. पाळकबाईंनी आधीचं थोडक्यात पुन्हा सांगितलं. लूक वैद्य होता अशी परंपरा आहे. त्यानं स्वतः काही पाहिलं नव्हतं, पाहिलेल्यांना विचारून विचारून लिहिलं. म्हणूनच की काय, परक्यांना, बायकांना, गरिबांना त्याच्या पुस्तकात जागा आहे. आणि त्यात सारखं कोणी ना कोणी जेवायला बसलेलं असतं.

मग अम्माऊसच्या वाटेची गोष्ट. येशूला क्रूसावर दिल्याच्या तिसऱ्या दिवशी दोन शिष्य खिन्न होऊन यरुशलेमेहून निघालेले. मेलेल्यातून पुन्हा उठलेला येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. गाव आलं तसा तो पुढे निघाल्यासारखं करतो. ते दोघे त्याला थांबवून घेतात, आणि जेवताना त्यानं भाकर मोडल्यावर ओळख पटते.

"थांबायचंच होतं, तर पुढे जायचं नाटक कशाला?" गणिताचे निवृत्त शिक्षक फोगल म्हणाले. "हे तर खोटं वागणं झालं."

कोणी म्हणालं, परीक्षा बघत असेल. कोणी म्हणालं, त्याला खरंच पुढे काम असेल. कौमुदीचा पाय बाबागाडीवर थांबला.

"तो वाट बघत होता," ती म्हणाली. वर्गात ती पहिल्यांदाच बोलत होती. एकेक शब्द शोधत. "आमच्याकडे पाहुणा लगेच हो म्हणत नाही. उशीर झाला, निघतो, म्हणतो. घरच्यांनी पुन्हा विचारायचं असतं. पुन्हा विचारलं की त्याला कळतं, आपण यांना खरंच हवे आहोत."

"आणि त्याला खरंच जायचं असलं तर?" फोगलनी विचारलं.

"मग तो चौथ्यांदा नको म्हणेल."

सगळे हसले. फ्राऊ लिंडनर हसल्या नाहीत. ताटलीतला केकचा चुरा त्या बोटानं गोळा करत बसल्या.

परतीची वाट दोघींची एकच. एरवी कौमुदी मुद्दाम मागे राहायची. आज तसं जमलं नाही. नोव्हेंबर होता, साडेचारलाच दिवे लागलेले. दोघी बाबागाडीच्या वेगानं चालत राहिल्या. इमारतीच्या दाराशी फ्राऊ लिंडनरनी किल्ली काढली, पण लावली नाही.

"ऑगस्टमध्ये मी दोन कप आधीच मांडून ठेवले होते," त्या किल्लीकडे बघत म्हणाल्या.

कौमुदीनं इराचं पांघरूण सारखं केलं.

"कॉफी घ्याल?"

"नको, इरा उठेल आता." तोंडातून निघूनही गेलं. तिनं ओठ चावला.

फ्राऊ लिंडनरनी नेहमीसारखी मान डोलावली. दार उघडलं, एक पायरी चढल्या. तिथेच जरा उभ्या राहिल्या. मग मागे वळून त्यांनी उरलेल्या केकचा डबा झोपलेल्या इराच्या पायांशी ठेवला आणि वाकून बाबागाडीची पुढची चाकं आपल्या दाराच्या दिशेनं उचलली.

कौमुदीनं मागची बाजू धरली.