आत्याच्या टेबलावरचा पाण्याचा जग

मी एक जुना पाण्याचा जग आहे. स्टीलचा, झाकणाचा, आणि डाव्या कुशीला एक पोचा असलेला. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गळा काढतात. मला ते जमायचं नाही. मला राग आलेला आहे, आणि तो मी पोटात ठेवणार नाही. माझ्या पोटात पाणी ठेवायचं असतं.

कारखान्यात पत्र्याची गुंडाळी वळवून माझं पोट झालं, चोच ठोकून काढली, दांडा जोडला, आणि घासून घासून मला असा लखलखीत केला की कामगाराला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. पुढे दुकानाच्या फळीवर बसलो. आत्या आली तेव्हा दुकानदाराने एक नक्षीवाला जग पुढे सरकवला होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. मला उचललं, पाणी भरायला लावलं आणि ओतून पाहिलं. "याची चोच चांगली आहे. ओघळ येत नाही," ती म्हणाली. माझ्या जन्मातलं ते पहिलं कौतुक.

ती आत्या खरं तर एका भाच्याची आणि एका भाचीची. पण तिच्या शिवणक्लासातल्या सगळ्या मुली तिला आत्याच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. घर दोन मजली. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि जिन्याला लागून अडगळीची खोली. वर झोपायच्या खोल्या आणि संडास. हो, संडास. नाकं मुरडू नका. सगळं रामायण तिथेच आहे.

क्लास बैठकीच्या खोलीत चाले. मशिनी खडखडत, आणि मी मधल्या टेबलावर राजासारखा बसलेला असे. मुली मान खाली घालून टाके घालत आणि आत्या मधूनच ओरडे, "पाणी प्या गं बायांनो! डोकी दुखायला लागली की माझ्या नावाने खडे फोडाल." मी दिवसातून कितीदा रिकामा व्हायचो आणि कितीदा भरला जायचो, त्याला गणती नव्हती. मुली पाणी प्यायच्या आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळायच्या. एकदा एकीच्या हातून कात्र्यांचा डबा माझ्यावर पडला, तो हा पोचा. ती रडायला लागली. आत्या म्हणाली, "अगं, पाणी गळतंय का? नाही ना? मग झालं तर."

मग वय झालं. मुली आपापल्या घरी गेल्या, क्लास बंद पडला आणि आत्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. भाचा आला आणि त्याने तिचा पलंग खाली आणून दिला. कपाट खाली आणलं. आरसा, रेडिओ, उशाचा दिवा, सगळं खाली आणलं. संडास तेवढा वर राहिला. तो काही खांद्यावर टाकून आणता येत नाही, मान्य. पण मग तो आत्याने कसा वापरायचा, हा प्रश्न त्या शहाण्याच्या डोक्यात यायला नको?

मी तिला जिना चढताना पाहिलं आहे. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन, एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर. उतरताना तर तोंड जिन्याकडे करून, रांगणारं मूल उतरतं तशी. एवढं करून खाली आली की ती माझ्या शेजारी खुर्चीत बसे आणि गुडघे चोळत राही. उभ्या आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेली बाई! मला इतका संताप येई की वाटे, टेबलावरून उडी मारून त्या जिन्याला पोचा पाडावा.

मग तिने तिचा उपाय काढला. ती पाणी पिईनाशी झाली.

सकाळी एकदा वर जाऊन यायचं आणि झोपायच्या आधी एकदा. मधल्या वेळात कळ काढायची. चहा अर्धा कप, जेवताना दोन घोट, बस्स. समोरच्या काकू सकाळी येऊन मला काठोकाठ भरून जात, आणि संध्याकाळी मी भरलेला दिसलो तर त्या रागावत. म्हणून आत्या मला उचलून खिडकीतल्या रुंद पानांच्या रोपात ओती. सगळंच्या सगळं पाणी त्या रोपाला. ते सुरुवातीला खूश होतं. पुढे पुढे त्याचीही पानं पिवळी पडायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण मी तर सरळ उभा होतो आणि तरी माझं पाणी वाया जात होतं.

आता भाच्याचं ऐका. माणूस वाईट नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरायचा नाही. फोनवर सगळ्यांना सांगे, "आमच्या आत्याची कसली म्हणून कटकट नाही." खाली संडास करायचा विषय त्याने काढला नाही असं नाही. काढला. दर वेळी येताना तो चकचकीत चित्रं घेऊन येई. भिंतीला टांगलेला कमोड, काचेचा आडोसा, दिवे लागणारा आरसा. मग खर्च ऐकून स्वतःच सुस्कारा सोडे आणि म्हणे, "करायचं तर एकदाच नीट करू. पुढच्या वर्षी बघू." अरे, तिला काय काचेच्या आडोशात नाचायचं होतं? आणि पैसे नव्हते म्हणावं, तर त्याच वर्षी त्याने स्वतःच्या घरी छताखाली आणखी एक छत लावलं. कशाला? तर दिवे छान दिसतात!

भाची त्याच्यापेक्षा मायाळू, पण तिचं वेगळंच. "बैठकीच्या खोलीशेजारी टॉयलेट? पाहुणे आले तर कसं दिसेल?" कुठले पाहुणे, बाई? तुम्ही दोघं आणि समोरच्या काकू सोडलात तर विजेचा मीटर बघणाऱ्याखेरीज त्या घरात कुणी येत नव्हतं.

व्हायचं तेच झालं. एके दुपारी आत्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन बसली. नशीब, की ओट्याला धरून बसली, पडली नाही. ताप होता, लघवीला जळजळ होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "पाणी का पीत नाही तुम्ही?" भाचा शेजारी उभा होता. त्याच्यासमोर तिला खरं बोलायची लाज वाटली. ती म्हणाली, "लक्षातच राहत नाही."

झालं! तेवढं एक वाक्य सगळ्यांनी उचलून धरलं. आत्या विसरायला लागली. आत्याचं आता वय झालं. जिला तीस वर्षांपूर्वीच्या मुलींच्या कमरेची मापं पाठ आहेत, ती विसरायला लागली म्हणे! मी टेबलावर बसून ऐकत होतो आणि माझं झाकण नुसतं थरथरत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग उपायांचा पाऊस पडला. भाच्याने एक रंगीत बाटली आणली. तिच्यावर वेळा छापलेल्या, आणि प्रत्येक रेघेपाशी 'शाब्बास', 'आणखी थोडं', 'जमतंय की' असं लिहिलेलं. ती माझ्या जागेवर विराजमान झाली आणि मला मागे सरकवलं. नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटलं. भाची दर दोन तासांनी फोन करू लागली, "प्यायलीस का?" आत्या म्हणे, "प्यायले गं," आणि बाटली रोपात ओती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

शेवटी दोघांनी ठरवून टाकलं. आत्याला एकटं ठेवायचं नाही. घर बंद करायचं आणि तिला भाच्याकडे न्यायचं. तिथल्या एका कोपऱ्यात तिचा पलंग, आणि इथली मशीन विकून टाकायची. तिला विचारलं का? विचारलं असतं तर मी आज एवढा तापलो असतो का, मित्रांनो? तिचं स्वतःचं घर तिच्या हातून चाललं होतं, आणि कशापायी? एका संडासापायी.

रविवारी दोघं खोकी घेऊन आले. भांडी बांधायला लागले. मलाही जुन्या टॉवेलात गुंडाळायला घेतलं होतं. आत्या खुर्चीत बसून होती, मांडीवर हात ठेवून. भाचीने खिडकीतलं रोप उचललं, "हे आपण बरोबर नेऊ," म्हणाली, आणि कुंडीतून पाण्याची धार तिच्या कपड्यांवर लागली. रोप मुळासकट हातात आलं. मुळं कुजून काळी पडली होती. घाण वास सुटला.

"आत्या, याला इतकं पाणी कोण घालतं?"

भाचीने रोपाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं अर्धं अंग टॉवेलात होतं, पण चोच बाहेर होती. ती खाली बसली, आत्याच्या पायाशी. "तू पाणी प्यायला विसरत नाहीस. हो ना?"

आणि मग माझी आत्या बोलली. "विसरायला काय झालंय मला? पाणी पी, पाणी पी, सगळे उठता-बसता सांगता. पिऊन जायचं कुठे, ते सांगा ना एकदा! हा जिना मी कितीदा चढू?" तिचा आवाज फुटला. क्लासातल्या सगळ्या वर्षांत मी तो असा कधी ऐकला नव्हता. भाच्याच्या हातातलं खोकं तसंच हातात राहिलं.

ती उठली आणि अडगळीच्या खोलीचं दार उघडलं. जुने पुठ्ठे आणि कापडाचे गठ्ठे तिने केव्हाच एका बाजूला लावले होते. मधल्या मोकळ्या जमिनीवर खाकी कागदाची कापलेली आकृती होती, कमोडच्या मापाची. क्लासात ती ब्लाउजचं कटिंग करायची, अगदी तसं. भोवती शिवणाच्या खडूने रेघा मारलेल्या. भिंतीवर दोन खुणा, उठताना धरायच्या दांड्यांसाठी. दाराशी एक अर्धगोल, बाहेरच्या बाजूला.

"इथे कोपरांना माया सोडली आहे," ती म्हणाली. कापड शिवताना कडेला जास्तीचं ठेवतात, त्याला माया म्हणतात. "दार बाहेर उघडायला हवं. मी आत पडले तर तुम्हाला येता आलं पाहिजे. दार हेच, नुसतं फिरवून बसवायचं. वरच्या संडासाच्या उरलेल्या फरश्या माळ्यावर आहेत. आणि वरचा पाइप याच भिंतीमागून खाली उतरतो, मी बाहेर जाऊन बघितलं आहे."

भाच्याने खोकं खाली ठेवलं आणि वाकून तो कागद बघितला. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू मला फरशीचा रंग विचारलास."

मी टॉवेलात होतो म्हणून, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या. दांड्याने वाजवल्या असत्या.

काम झालं. गवंडी आणि प्लंबर आले, खाकी कागदाबरहुकूम सगळं बसवलं. अंथरूण पाहून पाय पसरले, तर एवढ्याशा खोलीतही ते नीट मावले. साधा कमोड, दोन दांडे, एक दिवा. काच नाही की टांगणं नाही. भाच्याच्या चित्रांतल्या एका आरशाच्या पैशांत बरंचसं निघालं. त्याने नंतर सगळ्यांना फोन करून सांगितलं, "आत्यासाठी आम्ही खाली टॉयलेट करून दिलं." करून दिलं म्हणे! असो. आत्या नुसती हसली. मला मात्र अजून हसू येत नाही.

रंगीत बाटली आता बटणं ठेवायच्या कामी येते. मी पुन्हा माझ्या जागेवर आहे. पहिल्या दिवशी आत्याने माझ्यातून पेला भरला, खिडकीकडे पाहिलं आणि सवयीने हात तिकडे वळला. मग ती थांबली. स्वतःशीच "मेलं काहीतरीच" म्हणाली आणि पेला तोंडाला लावून घटाघट प्यायली. लगेच दुसरा भरला.

मित्रांनो, मी एक भांडं आहे, तुम्हाला शिकवणारा मी कोण? पण एवढं ऐका. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल आणि त्याच्यापुढचं पाणी रोज तसंच राहत असेल, तर त्याला रागावू नका, विसरतं म्हणू नका, बाटल्या आणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "पाणी पिऊन तुला जायचं कुठे?" उत्तर ऐकेपर्यंत उठू नका.

आता बस्स झालं. संध्याकाळ झाली आहे आणि मी तळापर्यंत रिकामा आहे. तुमच्यापैकी कुणीतरी उठा आणि मला भरून आणा. आत्याला तहान लागली आहे.