सासू-सुनेचा एकच वर्ग

शाळेत तिला सगळे 'तोफ' म्हणत. भूगोल शिकवायला उभी राहिली की आवाज पार मैदानापर्यंत पोचायचा. शेजारच्या वर्गातली मुलं गणिताच्या तासाला नद्यांची नावं शिकून जायची.

डिजिटल अध्यापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ती गेली ती सुनेमुळे. सूनही शिक्षिकाच, पण दुसऱ्या शाळेत. "आई, मी एकटी कंटाळेन. तुम्ही चला ना," असं ती म्हणाली आणि सासूबाईंनी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं ठरवलं. नवरा आणि मुलगा दोघेही हसून लोटपोट झाले.

पहिल्याच आठवड्यात तिनं आपला तास रेकॉर्ड करून पाठवला. मार्गदर्शक बाई वयानं तिच्या मुलीसारख्या. त्यांनी एवढंच विचारलं, "यात मुलं कुठे आहेत?"

"समोरच बसलीत की!"

"दिसत नाहीत, ठीक आहे. पण ऐकूही येत नाहीत."

तोफेला राग आला. अभ्यासवर्गातून परतताना ती सुनेच्या पुढे ताडताड चालत राहिली. सूनही शहाणी, तिनं विषय काढला नाही.

पुढचं काम असं होतं, की प्रत्येकानं आपल्या वर्गात एक नवी गोष्ट करून पाहायची. तिनं मुलांना सांगितलं, शाळेपासून आपल्या घरापर्यंतची वाट अनोळखी माणसाला समजेल अशी सांगा आणि ते बोलणं रेकॉर्ड करून पाठवा. संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ती एकेकाचं ऐकत होती. बहुतेकांनी पाठ केल्यासारखं उरकलं होतं. मग एक स्वच्छ, खेळकर आवाज आला.

"फाटकातून बाहेर पडा. डावीकडे सायकलवाल्याचं दुकान. तिथला कुत्रा भुंकेल, पण मनावर घेऊ नका, तो मालकावरही भुंकतो. जिथे भाजलेल्या पावाचा वास येईल तिथे वळा. वास आला नाही तर तुम्ही पुढे निघून गेलात, मागे या."

तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. "अगं, इकडे ये, हे ऐक!" तिनं सुनेला हाक मारली. दोघींनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. खाली नाव होतं खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीचं. पण ती तर मुखदुर्बळ! "हो बाई" आणि "नाही बाई" याच्यापुढे तिची गाडी कधी गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मुलीला थांबवलं. "कोणाकडून रेकॉर्ड करून घेतलंस?"

"मीच बोलले, बाई."

"मग वर्गात तोंडात मिठाची गुळणी का धरून बसतेस?"

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही प्रश्न विचारता. मी उत्तराची जुळवाजुळव करते. तोवर तुम्हीच उत्तर देऊन टाकता."

तोफेला असं काही हसू फुटलं, की व्हरांड्यातले दोन शिक्षक वळून बघायला लागले. मुलगीही बिचकत बिचकत हसली.

त्या दिवसापासून प्रश्न विचारला की ती ओठ घट्ट मिटून उभी राहू लागली. फार अवघड गेलं. ती शांतता तिला अक्षरशः खायला उठायची. पण थोडं थांबलं की मागच्या बाकावरून एक हात वर यायचा, मग दुसरा. खिडकीजवळची मुलगी एकदा समुद्राच्या वाऱ्यांबद्दल बोलायला लागली ती थांबेचना. घंटा झाली तरी वर्ग हलला नाही.

शेवटच्या सादरीकरणात 'माझी वाढ' या विषयावर बोलायचं होतं. सुनेनं सुंदर आलेख केले होते. तोफेनं फक्त आपल्या वर्गाचं नवं रेकॉर्डिंग लावलं. मुलांचा नुसता कलकलाट, वाद, हशा. मध्येच तिचा आवाज, "बरं, मग?" आणि पुन्हा मुलं.

मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी ऐकतेय," ती म्हणाली. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती सुनेनं.

पदवीच्या दिवशी गडबडीत दोघींच्या झग्यांची अदलाबदल झाली. सासूचा गुडघ्यापर्यंतच आला, सुनेचा जमिनीवर लोळत होता. मुलगा कॅमेरा घेऊन हसत सुटला.

"हसू नकोस, नीट काढ!" सासूबाई गरजल्या आणि सभागृहातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. सुनेनं त्यांचा हात धरला, दोघी ऐटीत उभ्या राहिल्या.

"आई, मार्क मला जास्त आहेत हं," ती कुजबुजली.

"माहितीये गं. सगळ्यांना सांगून झालंय माझं."