आमेनच्या आधी

डेपोत त्याला सगळे ‘उपदेशक’ म्हणत. चर्चमध्ये उभा राहून उपदेश करणारा नव्हे हो, साधा बस ड्रायव्हर. पण जेवणाचा डबा उघडण्याआधी हा गडी डोळे मिटून जी प्रार्थना सुरू करायचा, ती संपेपर्यंत बाकीच्यांची जेवणं उरकून हातसुद्धा धुऊन झालेले असत. या नावाने चिडवलेलं त्याला मनातून आवडायचं. प्रार्थना आपल्याला झकास जमते, असा त्याचा पक्का समज होता, आणि समज तसा खोटा नव्हता. गहू पेरणाऱ्यापासून पाव भाजणाऱ्यापर्यंत तो एकेकाबद्दल देवाचे आभार मानायचा. एकही माणूस सुटायचा नाही.

माणूस सोन्यासारखा. गाडीवर असताना त्याचा एक नियम होता: चढलेली म्हातारी किंवा कडेवर मूल घेतलेली बाई बसल्याशिवाय बस हलवायची नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी हा आरशात बघत शांत. बसून घ्या, मग निघू, एवढंच म्हणायचा. दिवसभर त्या आरशात डोळ्यांत तेल घालून बघत असल्यामुळे कोण लटकतंय, कोणाचा तोल जातोय, कोण पेंगतंय, सगळं त्याला कळायचं.

घरी मात्र बघायची त्याला कधी गरजच वाटली नाही. घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकाच्या खोलीतच जेवायचं मेज. त्याची खुर्ची अशी, की शेगडी बरोबर पाठीमागे. डावीकडे त्याची आई, उजवीकडे लेक, जिला घरात सगळे ‘टकळी’ म्हणत, कारण तिचं तोंड झोपेतच काय ते बंद असायचं. आणि समोरची खुर्ची बायकोची. रोज संध्याकाळी आणि रविवारी उपासनेहून आल्यावर दुपारी सगळे बसत, डोळे मिटत, आणि उपदेशक सुरू होत. प्रार्थनेच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं. बापा, आम्हा सर्वांना तू एका मेजाभोवती एकत्र बसवलंस म्हणून तुझे आभार. मग आमेन. चौघांचंही आमेन ऐकू यायचं, त्याने कान देऊन ऐकलेलं असायचं.

बायको एका लाँड्रीत इस्त्री करायची. शर्ट, चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, सगळं उभ्याने. एका मंगळवारी तिथेच, चादरीची घडी घालता घालता, ती खाली कोसळली. गरम इस्त्री मनगटावर घासून गेली, नशीब की तोंडावर आली नाही. निरोप आला तेव्हा उपदेशक डेपोत होता. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

दवाखान्यात पोचला तर ती झोपलेली. आणि इथे एक गंमत झाली, गंमत म्हणायची तरी कशी. तो दारातच थबकला, कारण आपण या बाईला झोपलेली कधी पाहिलेलंच नाही हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. रात्री तो आडवा व्हायचा तेव्हा ती भांडी आवरत असायची, पहाटेच्या पाळीला उठायचा तेव्हा डबा तयार असायचा. इतक्या वर्षांचा संसार, आणि झोपेत हिचं तोंड किंचित उघडं राहतं, कपाळावरची आठी पुसली जाते, ती लहान दिसायला लागते, यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. खुर्ची पुढे ओढायचंही त्याला सुचेना, आवाज होईल म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. अंगात रक्त फार कमी आहे म्हणाल्या. काल रात्री काय जेवल्या होत्या, असं त्यांनी विचारलं. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, की आमच्याकडे सगळे एकत्र जेवतात, प्रार्थना करून. बाई म्हणाल्या, ते छानच आहे, पण त्या काय जेवल्या? त्या रात्री टकळीने किती बटाटे खाल्ले, आईने पावाचा कडक भाग कसा बाजूला काढून ठेवला, हे त्याला आठवत होतं. बायकोची थाळी काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

हिरव्या भाज्या, अंडी, कडधान्यं, फळं, वेळेवर जेवण आणि भरपूर विश्रांती, असं बाईंनी बजावलं. आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “शरीर किती दिवस तगून राहील? असंच चाललं तर हृदय थकेल. मग माझ्याही हातात फारसं काही उरणार नाही.”

उपदेशक घाबरला, आणि घाबरलेला पुरुष जे करतो तेच त्याने केलं: बाजारात गेला. पालक आणला, बीट आणलं, मसूर आणि चवळी आणली, सफरचंदांची पिशवी आणली, अंड्यांचा ट्रे आणला. मेजावर सगळं मांडून बायकोला म्हणाला, बघ, आता तू फक्त खायचं. चांगल्या मनाने म्हणाला हो, त्यात काही शंका नाही. पण त्या पालकाची जुडी निवडायची कोणी, धुवायची कोणी, चवळी भिजवायची कोणी, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. आधी एक भाजी व्हायची तिथे आता तीन व्हायला लागल्या. घरचे सगळे टवटवीत दिसू लागले. आजींचं, म्हणजे त्याच्या आईचं, पोट साफ राहू लागलं, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या. टकळीच्या गालांवर लाली आली. प्रार्थनेतही भर पडली, कारण आता पालक पेरणाऱ्याचेही आभार मानायचे होते.

पुन्हा रक्त तपासलं तर आकडा होता त्याहून खाली. डॉक्टरीणबाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि शांतपणे विचारलं, “फळं आणलीत ना? मग ती खाल्ली कोणी?”

परत येताना बायको बसमध्ये त्याच्या शेजारी बसली होती. मध्येच म्हणाली, रविवारी मसुराचं सूप करू या का, आईंना आवडतं. ही आपल्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे आणि आपल्याला ते दिसत नाही, ही भीती त्याला पहिल्यांदा अगदी उघडीवाघडी जाणवली. ती कुठे निसटते, कधी निसटते, हे आपण बघायचंच, असं त्याने ठरवलं. पण बघायचं म्हणजे डोळे उघडायला हवेत, आणि प्रार्थनेत डोळे उघडायचे हे त्याच्या जिवावर आलं होतं. लहानपणी एकदा उघडले होते तर आईने कान असा पिळला होता, की ती आठवण अजून ताजी होती.

रविवार आला. उपासना झाली, घरी आले, मेजावर सूप आलं, पाव आला, उकडलेली अंडी आली, पालक अजून शेगडीवर होता. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. उपदेशकाने सुरुवात केली. गव्हापर्यंत आला, मसुरापर्यंत आला, आणि मग बोलता बोलताच, चोरासारखे, त्याने डोळे उघडले.

समोरची खुर्ची रिकामी होती. रिकामीही नव्हती म्हणा, तिच्यावर घडी घातलेल्या कपड्यांची टोपली होती. ती टोपली तिथे आजच ठेवली असावी असंही वाटेना. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल वाळत होता, बैठकीवर टोपलीच्या जराशा बाजूला तिच्याच बुडाचा जुना गोल वळ दिसत होता. म्हणजे कधीपासून तिथे कोणी बसतच नव्हतं, आणि रोज समोर बसून जेवूनही ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याचं तोंड सवयीने चालूच होतं. खुर्चीच्या मागे भांड्यांचं कपाट, कपाटाला काच. आणि त्या काचेत, अगदी बसच्या आरशात दिसावं तशी, त्याच्या पाठीमागची शेगडी दिसत होती. शेगडीपाशी बायको उभी होती. सगळ्यांनी डोळे मिटले की ती उठत असणार, किंवा मुळात बसतच नसणार. एका हातात डाव होता, दुसऱ्या हाताने, त्या भाजलेल्या मनगटाच्या हाताने, ओट्याची कड धरलेली. सुजलेला एक पाय तिने दुसऱ्या पायावर टेकवून त्याला जरासा आराम दिला होता. आणि तिचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. तो जे जे बोलत होता ते ती शब्दाशब्दाला मनात म्हणत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती तरी ती मान हलवत नव्हती. इतकी मन लावून केलेली प्रार्थना त्याने चर्चमध्येही पाहिली नव्हती. आपण आजवर नुसतं बोलत होतो आणि प्रार्थना पाठीमागे चालली होती, असं त्याला वाटलं.

तोंड मात्र आपल्या वाटेने त्या ठरलेल्या वाक्यापाशी येऊन पोचलं.

“बापा, आम्हा सर्वांना तू एका मेजाभोवती एकत्र...”

पुढचा शब्द निघेना. रोज देवाच्या तोंडावर आपण हे खोटं सांगत आलो, या विचाराने त्याची बोलतीच बंद झाली. टकळीने एक डोळा किलकिला केला. आजी खाकरल्या. काचेतल्या बायकोने डोळे न उघडताच हळूच सांगितलं, की अहो, पुढे बोला, सूप गार होतंय.

तो उठला. टोपली उचलून खाली ठेवली, टॉवेल काढला, खुर्ची मागे ओढली. मग मागे वळून शेगडी बंद केली आणि बायकोच्या हातातला डाव काढून घेतला.

“आधी तू बसून घे,” तो म्हणाला. “तू बसल्याशिवाय गाडी हलणार नाही.”

अगं बाई, पालकाला मीठ घालायचं राहिलंय, मी आलेच, वगैरे तिचं सुरू झालं. पण त्याचा चेहरा पाहून ती गप्प बसली, आणि खरोखरच बसली. पाहुण्यांच्या घरी बसावं तशी, खुर्चीच्या कडेवर. त्याने जागेवर येऊन पुन्हा हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले, पण तो आता मिटणार नव्हता.

शब्द जुळवायला त्याला जरा वेळ लागला. तेवढ्यात समोर बायकोचे खांदे खाली आले. पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. मान एका बाजूला कलली, तोंड किंचित उघडलं, कपाळावरची आठी पुसली गेली. ती झोपली होती.

आमेन म्हटलं तर ती जागी होणार, आणि आमेन म्हटल्याशिवाय या घरात कोणी घासाला हात लावत नसे. उपदेशकाने लेकीकडे पाहिलं. टकळीने आईकडे पाहिलं, आणि जिचं तोंड कधी बंद राहत नसे तिने स्वतःच्या तोंडावर तळहात ठेवला. आजींनी डोळे उघडले, सुनेकडे बघितलं, बराच वेळ बघतच राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून पावावर फडकं घातलं आणि हात पुन्हा जोडले.

कोणी हललं नाही. सूप गार झालं, वर साय धरली, तरी कोणी हललं नाही. टकळीच्या पोटात कावळे ओरडत होते ते सगळ्यांना ऐकू येत होते. खोलीत फक्त त्या बाईचा श्वास होता, संथ, खोल. सहा दिवस सगळं घडवून सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला, हे उपदेशक लहानपणापासून ऐकत आला होता. विसावा म्हणजे काम थांबणं, एवढाच त्याचा हिशेब. विसावा असा डोळ्यांसमोर येऊन खुर्चीत बसतो, आणि आला की खोलीतल्या माणसांना श्वाससुद्धा जपून घ्यावासा वाटतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला भीती वाटली, फार आनंदही झाला, आणि डोळे भरून आले. देव इथे आहे, असं तो रोज म्हणायचा. आज त्याला ते म्हणावंसंही वाटेना.

खिडकीतलं ऊन मेजावरून सरकत तिच्या हातावर आलं तेव्हा ती दचकून जागी झाली. प्रार्थना अजून चालूच आहे असं वाटून तिने गडबडीने म्हटलं, “आमेन.”

“आमेन,” तिघेही म्हणाले.

ती लगेच उठायला लागली, कारण सूप गार झालं होतं. पण आजींनी तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. उपदेशकाने पातेलं शेगडीवर चढवलं, सूप उतू जाऊ दिलं, स्वतःची बोटं भाजून घेतली, आणि पहिली वाटी तिच्यापुढे आणून ठेवली. सफरचंदही कापलं, वेडंवाकडं, आणि तेही तिच्याच थाळीत. तिने सवयीने एक फोड टकळीकडे सरकवली. टकळीने ती परत सरकवली.

तिने चमचा भरला, फुंकर घातली, तोंडात घातला. जरा थांबली. मग दुसरा घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं, आणि तक्रार नव्हे, अगदी खरंखुरं नवल वाटून विचारलं, “अहो, गरम असताना हे असं लागतं होय?”

त्याने पावावरचं फडकं काढलं आणि पहिला तुकडा तिच्या वाटीशेजारी ठेवला.